मदत हवी आहे : अमेरिकन फुटबॉल, पुढील हंगामातील रिसीव्हरांची फळी आणि आक्रमणाची आखणी

ओलेंटँजीकाठ (१४ जून २०२५)

नमस्कार. संपादकांनी परत पाठवलेला लेख शुक्रवारी पुन्हा द्यायचा आहे आणि एकाच परिच्छेदावर मी चार दिवस अडकून बसलो आहे, म्हणून प्रस्तावना न करता विचारतो. आपला अनुभवी खेळाडू एग्बुका गेल्यानंतर संघाचे पहिले तीन रिसीव्हर, म्हणजे पास घेणारे खेळाडू कोण, हे लिहून झाले आहे. त्यापुढचे जमत नाही. १० जानेवारीला झाले तसे पुन्हा झाले, म्हणजे आपला मुख्य रिसीव्हर स्मिथ याच्यावर दोन-दोन बचावपटू ठेवले गेले, तर पुढील हंगामात चेंडू कोणाकडे जाईल? आणि त्यासाठी मैदानावर तीन रिसीव्हर ठेवणे योग्य की दोन टाइट एंड (आघाडीलगत उभे राहून बचावाला धक्का देणारे आणि पासही घेणारे खेळाडू)? ज्यांनी गेल्या हंगामातील सामने पूर्ण पाहिले आहेत त्यांनीच कृपया उत्तर द्यावे. निवडक क्षणांच्या चित्रफिती पाहून बनवलेली मते मला उपयोगाची नाहीत.

मडगाव_मैदान

मी गोव्यात महाविद्यालयीन मुलांना बरीच वर्षे फुटबॉल शिकवला आहे, म्हणून अनुभवाने सांगतो. एका आघाडीपटूवर दोन बचावपटू आले, की मैदानाच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी एक मोकळा असतोच. आपल्या मुलांना चेंडू पायाशी धरून ठेवू नका, एका स्पर्शात दुसऱ्या बाजूच्या विंगरकडे पाठवा, असे सांगावे. पावसाळ्यात मैदान जड असते तेव्हा तर हा सराव फारच उपयोगी पडतो.

खडकवासला७७

कोणते महाविद्यालय, ते आपण लिहिलेलेच नाही. स्मिथ हे आडनाव अर्ध्या संघांत सापडेल. १० जानेवारीचा सामना म्हणजे नेमका कोणता, आणि लेख कोणासाठी आहे, एवढे सांगितलेत तर उत्तर देता येईल.

ओलेंटँजीकाठ

नदीचे नाव पाहून महाविद्यालय लक्षात येईल असे मला वाटले होते. ओहायो स्टेट. १० जानेवारी २०२५ चा सामना म्हणजे आर्लिंग्टन येथे टेक्सासविरुद्ध झालेला उपांत्य सामना. मडगावच्या सरांचे आभार, परंतु हा अमेरिकन फुटबॉल आहे आणि येथे चेंडू हाताने फेकून झेलतात.

जुना_प्रेक्षक

ओहायो स्टेटमध्ये रिसीव्हरांची चिंता करणे हेच मला पटत नाही. आपल्या रिसीव्हरांचे प्रशिक्षक ब्रायन हार्टलाइन हे स्वतः याच विद्यापीठाचे रिसीव्हर होते, आणि त्यांच्या हाताखाली एक गेला की दुसरा उभा राहतो, हे आपण वारंवार पाहिले आहे. १ जानेवारी २०२२ चा रोझ बोल, हा वर्षारंभीचा मानाचा सामना आठवा. गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलावे दोघेही खेळले नाहीत, तरी युटाविरुद्ध जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाने १५ झेल आणि ३४७ यार्ड मिळवले, तर मार्विन हॅरिसन धाकट्याने तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू गोलरेषेपार नेला. पुढच्याच हंगामात स्मिथ-एन्जिग्बा दुखापतीमुळे जवळजवळ पूर्ण वर्ष बाहेर राहिला, तेव्हा हॅरिसन आणि एग्बुका या दोघांनीही हजार यार्डांचा टप्पा ओलांडला. या वर्षी जेरेमाया स्मिथ, कार्नेल टेट आणि ब्रँडन इनिस हे तिघे, त्यांच्यामागे ब्रायसन रॉजर्स आणि मायलन ग्रॅहम, शिवाय क्विन्सी पोर्टर आणि फिलिप बेल हे नवे विद्यार्थी. एवढी फळी देशात फार थोड्या ठिकाणी असेल.

अ‍ॅन_आर्बरची_सई

फळी चांगली आहे हे मान्य, पण गेल्या वर्षीही ती होतीच. ३० नोव्हेंबरला कोलंबसमध्ये, घरच्या मैदानावर, स्मिथ, टेट आणि एग्बुका तिघेही खेळत असताना ओहायो स्टेटला मिशिगनविरुद्ध अवघे दहा गुण करता आले आणि सामना १३-१० असा गेला. रिसीव्हर कितीही असले तरी मधल्या भागात बचावाच्या भिंतीवर धावपटूला पुन:पुन्हा आदळवायचे ठरवल्यावर त्यांचा उपयोग काय होणार? मूळ प्रश्न लाइनचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या आघाडीच्या पाच जणांचा आहे. त्यांतला डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये आणि सेंटर सेथ मॅकलॉक्लिन नोव्हेंबरमध्ये जखमी झाला, आणि त्यानंतर हे आक्रमण बराच काळ चाचपडत राहिले. लेखात रिसीव्हरांवर चार परिच्छेद आणि लाइनवर एक ओळ असेल, तर लेख चुकीच्या टोकापासून सुरू झाला आहे.

जुना_प्रेक्षक

सईताई, तो सामना मीही स्टेडियममध्ये बसून पाहिला आहे आणि तो आठवला की अजूनही वाईट वाटते. परंतु त्याच आघाडीने तीन आठवड्यांनी टेनेसीला ४२-१७ आणि नंतर ओरेगॉनला ४१-२१ असे हरवले. माणसे तीच होती. बदलली ती आखणी, कारण विजेतेपदाच्या बाद फेरीतील पहिल्या सामन्यापासूनच चेंडू स्मिथकडे लांब फेकला जाऊ लागला. ओरेगॉनविरुद्ध त्याने ७ झेलांत १८७ यार्ड घेतले.

आकडेमोड

दोघांनीही मूळ प्रश्न बाजूला ठेवला आहे. प्रश्न फळी किती मोठी हा नाही, स्मिथ अडवला गेला तर काय, हा आहे. टेक्सासविरुद्ध स्मिथला एकच झेल मिळाला, तोही तीन यार्डांचा, आणि तरी ओहायो स्टेट २८-१४ असे जिंकले. त्या दिवशी ट्रेव्हेयॉन हेंडरसनने मध्यंतरापूर्वी स्क्रीन पासवर (लाइनच्या आडून दिलेल्या आखूड पासवर) ७५ यार्ड धावून टचडाउन केला, आणि मधल्या पट्ट्यात एग्बुकासारखा चार वर्षांचा अनुभवी खेळाडू होता. आता दोघेही व्यावसायिक संघांत आहेत.

गेल्या हंगामात एग्बुकाचे ८१, स्मिथचे ७६ आणि टेटचे ५२ असे तिघांचे मिळून २०९ झेल होते. त्यांतील सर्वांत मोठा वाटा गेलेल्या माणसाचा आहे, हे पुष्कळजण विसरतात. स्मिथ १,३१५ यार्ड आणि १५ टचडाउनमुळे डोळ्यांत भरतो. पण तिसऱ्या डाउनवर, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यावर, सहा-सात यार्ड हवे असताना तेव्हाचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड याची नजर अनेकदा एग्बुकाकडे जाई. ही जागा एकट्या इनिसने भरून काढावी, अशी अपेक्षा मला रास्त वाटत नाही.

आता प्रश्नकर्त्यांना माझा प्रश्न. आपण क्वार्टरबॅक कोण धरला आहे? त्यावाचून हे गणित सुटत नाही.

ओलेंटँजीकाठ

ज्युलियन सेइन धरला आहे. लिंकन कीनहोल्झही स्पर्धेत आहे आणि प्रशिक्षकांनी अजून नाव जाहीर केलेले नाही, हे मला माहीत आहे. चिप केली व्यावसायिक संघाकडे गेले असून त्यांचे आक्रमणाचे समन्वयकपद आता हार्टलाइन यांच्याकडे आले आहे, हेही लेखात आहे. मला फक्त तीन रिसीव्हर की दोन टाइट एंड, एवढेच हवे आहे.

खडकवासला७७

दोन टाइट एंड. माझे हे मत जानेवारीत मॅक्स क्लेअर पर्ड्यूहून आला तेव्हापासूनचे आहे आणि ते सकारण आहे.

क्लेअरने गेल्या हंगामात ५१ झेलांत ६८५ यार्ड घेतले, तेही अशा संघाकडून ज्याने बारांपैकी अकरा सामने गमावले आणि ज्याच्यासमोर प्रत्येक बचाव आधी त्यालाच शोधत होता. त्याच्या जोडीला विल कॅकमारेक हा धक्का देण्यात पक्का टाइट एंड आहे. हे दोघे एकत्र उतरले, की समोरच्या संघाला धावेच्या भीतीने मागच्या फळीत पास अडवणारा पाचवा माणूस (कॉर्नर किंवा सेफ्टी) बाहेर काढून धाव अडवणारा जाडजूड लाइनबॅकर आत आणावा लागतो. तो आत आला, की स्मिथवर दुसरा माणूस पाठवायला शिल्लक राहत नाही. म्हणजे स्मिथला मोकळे करायचे असेल तर आणखी एक रिसीव्हर उतरवून होणार नाही, एक रिसीव्हर कमी करून होईल. शिवाय नव्या क्वार्टरबॅकला आठ-दहा यार्डांवर, समोरच दिसणारा उंच माणूस मिळतो.

अ‍ॅन_आर्बरची_सई

हे मी पहिल्यापासून वेगळ्या शब्दांत म्हणत होते. दोन टाइट एंड म्हणजे आघाडीला दोन माणसांची मदत. राइसहून एथन ओनियान्वा आणि मिनेसोटाहून फिलिप डॅनियल्स हे नवे टॅकल आले आहेत. त्यांची घडी बसेपर्यंत ही मदत लागणारच.

जुना_प्रेक्षक

आणि इनिसला बाकावर बसवायचे? तिसरे वर्ष आहे त्याचे. असे केले तर पुढच्या वर्षी तो दुसऱ्या विद्यापीठात दिसेल. हल्ली खेळाडू विद्यापीठ बदलायला वेळ लावत नाहीत. याच महिन्यात मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली आहे, तीही राखीव फळीच्या मुळावर येणार आहे, कारण शिष्यवृत्तीविना वर्षानुवर्षे सराव करणारी मुले पूर्वी हवी तितकी ठेवता येत.

आकडेमोड

१०५ ची मर्यादा हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. त्या मुलांविषयी मलाही वाईट वाटते, पण त्यांच्यामुळे टेक्सासविरुद्धच्या पहिल्या सामन्याची आखणी बदलत नाही.

खडकवासला, तुमचा युक्तिवाद अर्धा पटतो. एकतर बचाव लाइनबॅकर आत आणीलच, ही खात्री तुम्ही कशावरून धरता? क्लेअर झेल घेणारा खेळाडू आहे हे टेक्सासलाही ठाऊक आहे. ते त्याला रिसीव्हरच समजतील, मागच्या फळीचे पाच बचावपटू तसेच ठेवतील आणि कॅकमारेकच्या बाजूने होणारी धाव सहन करतील. दुसरे म्हणजे महाविद्यालयीन मैदानावरील दोन हॅश रेषांमध्ये (प्रत्येक डाव ज्यांच्यावर किंवा ज्यांच्यामध्ये सुरू होतो त्या खुणांमध्ये) ४० फुटांचे अंतर असते, तर व्यावसायिक मैदानावर ते साडेअठरा फूट असते. येथे मैदानाची रुंदी १६० फूट. चेंडू एका हॅशवर असला की रुंद बाजूला तब्बल १०० फूट मोकळे राहतात. ही जागा वापरण्यासाठी वेगवान स्लॉट रिसीव्हर, म्हणजे लाइन आणि कडेचा रिसीव्हर यांच्यामध्ये उभा राहणारा खेळाडू लागतो. तेथे जड टाइट एंड ठेवला तर बचावाला ती बाजू एकट्या माणसावर सोपवता येते.

खडकवासला७७

क्लेअर जड नाही, हाच तर मुद्दा आहे. तो पर्ड्यूमध्ये स्लॉटमध्येही उभा राहत असे. कागदावर दोन टाइट एंड, पण मैदानावर तीन रिसीव्हरांची मांडणी. बचावाने पाच बचावपटू ठेवले तर क्लेअरला आत घेऊन धाव घ्यायची, लाइनबॅकर आणला तर त्याला रुंद बाजूला पाठवून त्या लाइनबॅकरला उघड्यावर आणायचे. खेळाडू न बदलता मांडणी बदलता येते, त्यामुळे बचावालाही माणसे बदलायला सवड मिळत नाही. आणि महाविद्यालयीन नियमांत लाइनमन पासच्या वेळी तीन यार्ड पुढे जाऊ शकतो, त्यामुळे धाव की पास हे स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे मागे दिल्यानंतर ठरवण्याची मुभा येथे अधिक आहे. सेइनसाठी याहून सोयीचे काय असेल?

आकडेमोड

हे मात्र मान्य. मग उत्तर "दोन टाइट एंड" असे नाही, "क्लेअर हाच तिसरा रिसीव्हर, आणि इनिस चौथा" असे झाले.

जुना_प्रेक्षक

इनिस चौथा, हे मला मान्य नाही. लांब तिसऱ्या डाउनवर तोच हवा. अंतिम सामन्यात नोत्र दामविरुद्ध तिसऱ्या डाउनवर अकरा यार्ड हवे असताना स्मिथकडे ५६ यार्डांचा पास गेला आणि सामना हाती आला. असा पास तेव्हाच निघतो, जेव्हा बाकीच्या रिसीव्हरांकडे दुर्लक्ष करण्याची बचावाची छाती होत नाही.

अ‍ॅन_आर्बरची_सई

ओलेंटँजीकाठ, एक गोष्ट अजूनही आपण सांगितलेली नाही आणि ती खडकवासला७७ यांनी सुरुवातीलाच विचारली होती. लेख कोण वाचणार आहे, आणि केव्हा? संपादकांनी तो परत का पाठवला?

ओलेंटँजीकाठ

क्षमस्व, ते आधीच सांगायला हवे होते. लेख आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव अंकासाठी आहे. वाचक मुख्यतः असे आईवडील आहेत, ज्यांची मुले यंदा ओहायो स्टेटमध्ये दाखल होत आहेत आणि ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही. संपादकांचा शेरा असा होता : "कोण खेळणार हे कळले, पण सामना पाहताना आम्ही नेमके कुठे पाहायचे ते कळले नाही." अंक २७ ऑगस्टला, म्हणजे गणेश चतुर्थीला निघतो.

आकडेमोड

म्हणजे अंक हातात पडल्यावर तीन दिवसांनी, ३० ऑगस्टला, कोलंबसमध्ये हंगामाचा पहिलाच सामना आहे, आणि तोही टेक्सासशी. ज्या संघाने स्मिथला तीन यार्डांवर रोखले, तोच संघ. मग तुमचा परिच्छेद भाकिताचा असूच नये. जून महिन्यात "अमुक इतके टाइट एंड खेळतील" असे छापून शनिवारी खोटे ठरण्यापेक्षा, वाचकांना डोळे कुठे लावायचे ते सांगा. टेक्सासचा बचावही तोच राहिलेला नाही. मागच्या फळीतील सर्वोत्तम बचावपटूचा थॉर्प पुरस्कार मिळवणारा जाहडे बॅरन गेला. व्यावसायिक संघांच्या निवड प्रक्रियेत एग्बुका १९ वा आणि लगेच बॅरन २० वा निवडला गेला, ही गोष्ट नव्या वाचकांना आवडेल.

खडकवासला७७

सहमत आहे. स्नॅपच्या आधी क्लेअर कुठे उभा आहे एवढेच पाहायला सांगा. तो लाइनला चिकटून असेल तर धावेची शक्यता अधिक, बाहेर गेला असेल तर पासची. मग स्मिथच्या मागे, पंधरा यार्डांवर, सेफ्टी त्याच्याकडे सरकतो का ते पाहा. सरकला, तर चेंडू टेट, क्लेअर किंवा इनिस यांच्यापैकी कोणाकडे तरी जाणार.

ओलेंटँजीकाठ

हेच मला चार दिवस सुचत नव्हते. मी भाकीत लिहायला बसलो होतो आणि वाचकांना हवी होती नजर. परिच्छेद आत्ता असा लिहिला आहे :

"क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू येण्यापूर्वी दोन माणसे शोधा. पहिला जेरेमाया स्मिथ, क्रमांक ४. त्याच्या समोर एक बचावपटू आहे की मागे आणखी एक टपून आहे, हे पाहा. दुसरा मॅक्स क्लेअर. तो जेथे उभा असेल, तेथून आक्रमणाचा हेतू बहुधा कळेल. स्मिथवर दोघे असतील, तर मैदानाच्या ज्या बाजूला अधिक जागा आहे तिकडे नजर वळवा, कारण चेंडू तिकडे जाण्याची शक्यता मोठी आहे. एग्बुकाचे ८१ झेल यंदा कोणाच्या वाट्याला येतात, हे पहिल्या सामन्यापासून मोजत राहा."

जुना_प्रेक्षक

चांगले झाले आहे. "बहुधा" हा शब्द मात्र काढू नका, कारण हार्टलाइन मुद्दाम उलटे करतील तेव्हा वाचक आपल्याला दोष देतील. आणि कार्नेल टेटचे नाव त्या परिच्छेदात एकदाही आलेले नाही, ते घाला. स्मिथवर दोघे गेले की पलीकडे एकास एक राहणारा बहुतेक वेळा तोच असेल.

ओलेंटँजीकाठ

टेटचे नाव घातले. गुरुवारी रात्री पाठवतो आहे.