ओक्लाहोमा हे नाव: मूळ रहिवाशांचा मान, की त्यांच्याच शब्दाची पळवापळवी?

नकाशेवाला
ओक्लाहोमा हे चॉक्टॉ या मूळ रहिवासी जमातीच्या भाषेतलं नाव, तेव्हा त्या अमेरिकन राज्याने मूळ रहिवाशांचा मान राखला, असं नेहमी सांगितलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. अर्थाबद्दल वाद नाही. 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे तांबडे. पण हे नाव कोणत्या साली कोणत्या जमिनीला लागलं, ते पाहा.

अमेरिकन सरकारशी झालेल्या २८ एप्रिल १८६६ च्या तहात चॉक्टॉ आणि चिकसॉ राष्ट्रांनी (म्हणजे जमातींनी) ते मान्य केलं, तेव्हा इंडियन टेरिटरीतल्या, म्हणजे मूळ रहिवाशांसाठी राखलेल्या प्रदेशातल्या, सगळ्या राष्ट्रांचा सामाईक सभेखाली एकच कारभार व्हायचा होता. तो बेत बारगळला. १८८० च्या दशकात नाव उचललं ते जमिनीवर डोळा ठेवून असलेल्या गोऱ्या 'बूमर' मंडळींनी. त्यांचं ओक्लाहोमा म्हणजे मधला 'अनअसाइन्ड लँड्स' (कोणत्याच राष्ट्राला न दिलेल्या जमिनी) हा सुमारे १९ लाख एकरांचा तुकडा. सरकारने १८६६ मध्ये क्रीक राष्ट्राकडून एकरी ३० सेंटने आणि सेमिनोल राष्ट्राकडून एकरी १५ सेंटने जमिनी घेतल्या, त्यांतलाच हा भाग. २२ एप्रिल १८८९ ला दुपारी बारा वाजता तो खुला केला आणि १६०-१६० एकरांसाठी हजारो माणसं धावत सुटली.

२ मे १८९० च्या कायद्याने 'ओक्लाहोमा टेरिटरी' झाली ती पश्चिमेकडे. चॉक्टॉंची जमीन आग्नेय कोपऱ्यात, म्हणजे तिच्या बाहेर. ज्यांचा शब्द, तेच त्यात नाहीत. याला मान म्हणायचं?

शब्दवेल्हाळ
नकाशा बरोबर, निष्कर्ष चूक. हे नाव सुचवलं ॲलन राइट यांनी. ते चॉक्टॉ, न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत शिकलेले. वॉशिंग्टनच्या वाटाघाटीत ते प्रतिनिधी म्हणून बसले होते; चॉक्टॉंचे प्रमुख म्हणून निवड त्याच वर्षी नंतर झाली. नाव तहाच्या आठव्या कलमात आहे: कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा 'गव्हर्नर ऑफ द टेरिटरी ऑफ ओक्लाहोमा' असेल. ही कायद्याची भाषा आहे, बोलण्याच्या ओघात सुचलेला शब्द नव्हे.

शिवाय 'तांबडे' हे विशेषण गोऱ्यांनी चिकटवलेलं नाही. चॉक्टॉत विशेषण नामानंतर येतं, म्हणून 'ओक्ला हुम्मा'. हाच 'हुम्मा' त्यांच्या योद्ध्यांच्या नावांना मानाने लागे. त्यांच्या जुन्या राजधानीचं नाव टस्काहोमा, म्हणजे तांबडा योद्धा. ('होमा' म्हणजे घर असं समजून 'तांबड्या लोकांचं घर' असा अर्थ देतात, तो साफ चूक.) नाव पळवलं म्हणताना राइट यांनी विचार करून केलेली निवडच तुम्ही पुसून टाकता.

नकाशेवाला
राइट यांना मी पुसत नाही, पण ते कोणत्या परिस्थितीत बसले होते? अमेरिकन यादवी युद्धात चॉक्टॉ हरलेल्या दक्षिणेच्या बाजूने लढले होते, आणि सरकारने त्याचा पुरता फायदा उठवला. त्याच तहात रेल्वेला वाट द्यावी लागली आणि पश्चिमेकडचा 'लीज्ड डिस्ट्रिक्ट' (भाडेपट्ट्याने दिलेला भाग) तीन लाख डॉलरला सोडावा लागला. अशा कागदावर आपला शब्द लिहवून घेणं ही राइट यांची हुशारी होती. नंतर तो वापरला दुसऱ्यांनीच.

मृद्गंधा
दोघंही १९०५ विसरताय. त्या वर्षी इंडियन टेरिटरीतल्या राष्ट्रांनी मस्कोगीला परिषद भरवून वेगळ्या राज्याची घटना लिहिली आणि नाव ठेवलं 'सेकोया', चेरोकी लिपी घडवणाऱ्या माणसाचं. मतदानात ५६,२७९ बाजूने, ९,०७३ विरोधात. काँग्रेसने ती विचारातही घेतली नाही. म्हणजे नाव ठेवायची संधी मिळाली तेव्हा त्यांनी ओक्लाहोमा ठेवलं नाही.

१६ नोव्हेंबर १९०७ ला दोन्ही टेरिटरी जोडून राज्य झालं. त्या दिवशी गथ्रीत कार्नेगी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर लुटुपुटीचं लग्न लावलं: वर 'मिस्टर ओक्लाहोमा टेरिटरी', वधू 'मिस इंडियन टेरिटरी'. लग्नानंतर नाव कुणाचं उरलं ते दिसतंच आहे.

शब्दवेल्हाळ
लग्नाचा मुद्दा बिनतोड आहे. सेकोयाचा मात्र नाही. १९०५ मध्ये ओक्लाहोमा हे शेजारच्या टेरिटरीचं नाव होतं. वेगळं राज्य मागणारे तेच नाव कसं घेतील? त्यातून मूळ शब्द नाकारला असं सिद्ध होत नाही. आज त्या राष्ट्राचं अधिकृत नावच 'चॉक्टॉ नेशन ऑफ ओक्लाहोमा' आहे. आणि २०२० मध्ये मॅकगर्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला, की क्रीकांचं आरक्षित क्षेत्र कधी रद्दच झालेलं नाही. २०२१ मध्ये राज्याच्या फौजदारी अपील न्यायालयाने तेच चॉक्टॉंबद्दल मान्य केलं. राज्याच्या नावाने त्यांचं अस्तित्व गिळलं, हे म्हणूनच मला मान्य नाही.

नकाशेवाला
मॅकगर्टचं श्रेय जुन्या तहांना आहे, नावाला नाही. आणि नावाने केलेला घोळ अजून निस्तरावा लागतो. टल्साच्या १८९५ च्या जमिनीचे कागद ओक्लाहोमा टेरिटरीच्या होमस्टेड (वसाहतदारांना दिलेल्या जमिनींच्या) दप्तरात शोधाल तर काही सापडणार नाही. टल्सा तेव्हा क्रीक राष्ट्रात, म्हणजे इंडियन टेरिटरीत होतं. तिथे जमीन राष्ट्राची सामाईक होती. माणशी वाटे पुढे अमेरिकन सरकारच्या डॉझ (Dawes) आयोगाने पाडले, ते त्या आयोगाच्या याद्यांत पाहावे लागतात. १९०७ पूर्वीच्या कुठल्याही कागदावर 'ओक्लाहोमा' दिसलं तर आधी साल वाचा, मग नकाशा उघडा.