आमवात, आगळ आणि हळदीच्या कॅप्सूल: पॉलिफेनॉल्सने सांध्यांचा दाह कमी होतो का?

प्रश्न (वेंगुर्ले)

माझ्या ६३ वर्षांच्या आईला गेल्या दिवाळीनंतर आमवाताचे निदान झाले. सकाळी तासभर तिच्या हाताची मूठ वळत नाही. नारळ खवणे तर दूरच, डब्याचे झाकणही तिला उघडवत नाही. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी दिली आहे आणि सीआरपी (रक्तातील दाह दाखवणारे प्रथिन) हळूहळू उतरत आहे. आता मावशीने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या असून, "रोज दोन पेले आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घे, त्यातली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतील एक प्रकारची संयुगे) सूज ओढून घेतील, गोळी आपोआप सुटेल," असे ती सांगते. आईचा त्यावर विश्वास बसत चालला आहे. तिला रक्तदाबही आहे. यातले खरे किती आणि धोक्याचे किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (जीवरसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

मावशींचे म्हणणे निराधार नाही, पण त्यांनी प्रयोगशाळेतला निष्कर्ष थेट ताटात वाढला आहे. आपल्या पेशींत एनएफ-कप्पा-बी नावाचे प्रथिन एरवी बांधून ठेवलेले असते. जंतूंचा किंवा इजेचा संदेश मिळाला की ते सुटून केंद्रकात शिरते आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखी दाह पेटवणारी प्रथिने बनवणारी जनुके चालू करते. इंटरल्युकिन-६ यकृतापर्यंत पोहोचले की यकृत सीआरपी तयार करते, आणि आपल्या आईंच्या रक्तात मोजतात ते हेच. आमवातात हा संदेश शरीर स्वतःच्याच सांध्यांविरुद्ध देत राहते. कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल आणि हळदीतील कर्क्युमिन यांनी पेशींवरील प्रयोगांत हा मार्ग रोखून दाखवला आहे, परंतु काचपात्रातील पेशींना मिळते तेवढी मात्रा जेवणातून रक्तात उतरत नाही. शिवाय गार्सिनॉल पाण्यात फारसे विरघळत नाही; सरबताला लाल रंग येतो तो अँथोसायनिन या दुसऱ्या गटातील पॉलिफेनॉल्समुळे.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग आतड्याचा वाटतो. खाल्लेल्या पॉलिफेनॉल्सपैकी थोडीच लहान आतड्यात शोषली जातात. बाकीची मोठ्या आतड्यात उतरतात, तेथील जिवाणू त्यांचे लहान रेणू करतात आणि मग ते रक्तात जातात. डाळिंबातील टॅनिन या तुरट पॉलिफेनॉल्सपासून युरोलिथिने अशीच बनतात, आणि तीही प्रत्येकाच्या पोटात सारखी बनत नाहीत, कारण प्रत्येकाचे जिवाणू वेगळे. एकाच पंगतीत तेच जेवलेल्या दोघांना सारखा गुण येईल, असे म्हणूनच सांगता येत नाही. नाचणी, कुळीथ, जांभूळ, करवंद हे सारे आईंना जरूर द्यावे. फक्त नाचणीचे पीठ चाळून कोंडा टाकू नये, कारण तिची पॉलिफेनॉल्स मुख्यतः दाण्याच्या टरफलातच असतात. याचा उपयोग वर्षानुवर्षांच्या सवयीतून होतो. पेटलेला आमवात त्याने विझत नाही.

उत्तर (घरगुती आमसुले करणारी, कुडाळ)

शास्त्र सरांनी सांगितले, मी आगळाविषयी सांगते. रातांबे म्हणजे कोकमाची फळे फोडून बिया आणि गर वेगळा काढतात, त्याला मीठ लावून जो रस सुटतो त्यात साले बुडवून उन्हात वाळवतात आणि पुन्हा बुडवतात. अशी अनेक पुटे चढली की साल काळी, मऊ आणि चिवट होते. आगळ वर्षभर टिकते ते केवळ मिठावर. बरणीच्या तळाशी बसलेला मिठाचा थर एकदा चमच्याने खरवडून पाहा, म्हणजे रक्तदाब असलेल्या बाईला दोन पेले आगळ पाजणे म्हणजे काय, ते लक्षात येईल. अमृत कोकम द्यावे तर त्यात साखर भरपूर. त्यापेक्षा तीन-चार आमसुले धुऊन कोमट पाण्यात भिजत घालावीत, त्या पाण्याची पातळ सोलकढी करावी आणि वरून मीठ घालू नये.

उत्तर (औषधनिर्माता, चिपळूण)

ताई, आमटीतील हळद आणि कॅप्सूल यांना एका मापाने मोजू नका. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्के असते, म्हणजे ३ ग्रॅमच्या चमच्यात ९० मिलीग्रॅमच्या आसपास. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नुसते २ ग्रॅम कर्क्युमिन दिल्यावर ते रक्तात जेमतेम सापडले. सोबत मिरीतील पायपेरीन २० मिलीग्रॅम दिले, तेव्हा शोषण सुमारे वीसपट झाले. म्हणूनच अनेक कॅप्सूलांत पायपेरीन घालतात. पण पायपेरीन इतर काही औषधांचेही रक्तातील प्रमाण बदलते, आणि हळदीच्या संहत अर्कामुळे काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेटवर असताना यकृताची तपासणी नियमित करावी लागते ती उगाच नव्हे. डॉक्टरांना बाटली दाखवल्याशिवाय एकही कॅप्सूल देऊ नका, आणि गोळी तर मुळीच थांबवू नका. एकदा सांध्याचे हाड झिजले की ते भरून येत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवले, तेव्हा मिठाच्या थराचे तिला लगेच पटले. कॅप्सूलची बाटली पुढच्या तपासणीसाठी पिशवीत ठेवली आहे. एकच शंका उरली: तिचे हिमोग्लोबिन कमी आहे आणि जेवण झाल्या झाल्या ती कोरा चहा घेते. चहातही पॉलिफेनॉल्स असतात म्हणून तो चालू ठेवावा का?

उत्तर (औषधनिर्माता, चिपळूण)

चहा घ्यावा, पण जेवणानंतर तास-दीड तासाने. त्यातील टॅनिन अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते आणि पालेभाजी, नाचणी यांतले लोह कमी शोषले जाते. जेवणाबरोबर लिंबाची फोड द्या. क जीवनसत्त्वामुळे तेच लोह अधिक शोषले जाते.