मदत हवी आहे: इंजिन बंद पडलं तर विमानाचं पॅराशूट की शेतात उतरणं?

नमस्कार मंडळी,

माझी भाची पायलटचं शिक्षण घेतेय. घर औसा तालुक्यात, शिकायला बाहेरगावी, सेस्ना १७२ वर. त्या विमानाला पॅराशूट नाही. सिरस कंपनीचं अख्खं विमान पॅराशूटला लटकून खाली येतानाचा व्हिडिओ दाजींनी पाहिला. तेव्हापासून ते म्हणतात, पोरगी शिकेल तर तसल्याच विमानावर, नाहीतर घरी येईल. बापाची काळजी खोटी नाही. पण तिची शाळा बदलायची तर पैसाही लागेल आणि वर्षही जाईल, म्हणून जाणकारांना विचारतोय.

मला कळलं ते असं. सिरसच्या छताला लाल मूठ असते. ती ओढली की रॉकेट पॅराशूट बाहेर खेचतं. विमान मिनिटाला साधारण १७०० फुटांनी खाली येतं, म्हणजे दणका बारा फुटांवरून पडल्यासारखा. तो चाकं आणि सीट झेलतात. ऑक्टोबर २००२ मध्ये टेक्सासमध्ये याने पहिल्यांदा पायलटला वाचवलं. हवेत टक्कर झाली, रात्री इंजिन गेलं किंवा पायलटच बेशुद्ध पडला, तर याला तोड नाही हे मला पटतं. पण मूठ ओढल्यावर सुकाणू हातात राहत नाही. विहिरीत की विजेच्या तारांवर, ते वारा ठरवणार. शिवाय उंची हवी: सरळ उडताना मॉडेलप्रमाणे ४०० ते ६०० फूट, गिरक्या घेत असेल तर ९०० च्या वर. आणि आपल्या लातूरची जमीनच समुद्रसपाटीपासून २००० फुटांच्या वर. उंचीमापक २५०० दाखवत असला तरी खाली ५०० फूटही नसतात.

उलट सेस्ना इंजिनाशिवायही एक फूट खाली येताना सुमारे नऊ फूट पुढे तरंगते. जमिनीपासून ३००० फुटांवर असेल तर, वारा नसताना, आठेक किलोमीटरच्या टापूत रान निवडता येतं.

माझी खरी अडचण रानाचीच आहे. पावसाळ्यात काळ्या मातीला वापसा नसेल तर माणसाचा पाय निघत नाही. तिथे पुढचं चाक रुतून विमान उलटणार नाही का? उन्हाळ्यात नांगरटीची ढेकळं. मांजरा पट्ट्यातला ऊस वरून गालिच्यासारखा दिसतो, पण तो पुरुषभर उंच असतो. सरीच्या दिशेने उतरावं की वाऱ्याच्या तोंडावर? ५० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वेगाला १० नॉटचा समोरचा वारा मिळाला तर धडकेची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटते, असं गणित सांगतं. मग वाऱ्यासाठी सऱ्या आडव्या कापाव्यात का? बांध, शेततळी, अकरा केव्हीच्या तारा वरून किती उंचीवर ओळखू येतात?

तुमच्यापैकी कुणी खरोखर शेतात विमान उतरवलं असेल, किंवा पॅराशूटच्या विमानावर शिकवत असेल, तर सांगा: इंजिन बंद, विमान ताब्यात, खाली मोकळं रान दिसतंय, अशा वेळी तुम्ही मूठ ओढाल का? सिरसमध्येही सुरुवातीला पॅराशूट असून न ओढल्यामुळे माणसं गेली, आणि ते कधी ओढायचं हे घोटून शिकवल्यावर फरक पडला, असं वाचलंय. म्हणजे यंत्रापेक्षा सराव महत्त्वाचा, असं मला वाटतं. चुकत असेन तर स्पष्ट सांगा.

अजून एक. विमान पडलं की आपल्याकडे सगळा गाव धावतो. पॅराशूटचं रॉकेट उडालेलं नसेल तर जवळ जाणं धोक्याचं असतं. गावकऱ्यांना हे कुणी सांगतं का?

दाजी महिनाअखेरीस फीचा पुढचा हप्ता भरणार आहेत. त्याआधी त्यांना तुमची उत्तरं वाचून दाखवायची आहेत.