मिथिलीन ब्लूचा रंग तासाभरात जातो, पण तिसऱ्या फेरीत पावडर थकते

प्रश्न
पाण्यातला रंग उजेडाने तोडायला पावडर केलीय: एसबीए-१५ (बारीक छिद्रांची सिलिका) वर २०% टायटानिया (टायटॅनियम डायऑक्साइड, उजेडात रंग तोडणारा), त्यावर १% चांदी. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या १० मिग्रॅ/लिटर तीव्रतेच्या १०० मिली द्रावणात ५० मिग्रॅ पावडर टाकून लगेच पांढरा एलईडी लावते. ६६४ नॅनोमीटरवरचं शोषणाचं रीडिंग (त्यावरून पाण्यात किती रंग उरला ते कळतं) ६० मिनिटांत ९२% उतरतं, तीच पावडर पुन्हा वापरली की तिसऱ्या फेरीत जेमतेम ४५%. पाण्याने धुतलेली पावडर निळसर-करडी दिसते. चांदी सुटतेय का?

उत्तर १
चांदीकडे नंतर बघा, आधी हिशोब करा. १०० मिलीत रंग आहे १ मिग्रॅ, म्हणजे पावडरच्या ग्रॅममागे २० मिग्रॅ. सिलिकाच्या पृष्ठभागावर ऋण भार, मिथिलीन ब्लू धन भाराचा. एवढा रंग ती छिद्रं उजेडाशिवायही सहज धरतात. तीन फेऱ्यांत छिद्रं भरत जातात, म्हणून आकडा घसरतो.

पावडर टाकून अंधारात ढवळा, दर १५ मिनिटांनी नमुना घ्या. लागोपाठ दोन रीडिंग सारखी आली की तीच सुरुवातीची तीव्रता धरा आणि मग दिवा लावा. सोबत दोन कोऱ्या चाचण्या हव्यातच: पावडरशिवाय दिवा, आणि दिव्याखाली नुसतं एसबीए-१५.

वापरलेली पावडर ५ मिली इथेनॉल आणि दोन थेंब ॲसिटिक ॲसिडमध्ये हलवून बघा. इथेनॉल निळं झालं तर तेवढा रंग तुटलेलाच नव्हता. हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरू नका, सिल्व्हर क्लोराइड होईल.

उत्तर २
वरच्याशी सहमत. नमुना नायलॉन फिल्टरमधून गाळत असाल तर थांबवा, तोही रंग धरतो. सेंट्रिफ्यूज करा.

दुसरी गोची रंगाचीच. ॲनाटेजला (टायटानियाचं एक स्फटिकरूप) ३८७ नॅनोमीटरच्या आतला उजेड लागतो. मिथिलीन ब्लू मात्र दृश्य प्रकाश स्वतःच शोषून टायटानियाला इलेक्ट्रॉन देतो. मग श्रेय चांदीच्या प्लाझ्मॉनला (तिच्या कणांतल्या इलेक्ट्रॉनांचं उजेडाने होणारं आंदोलन) द्यायचं की रंगाला, हे या चाचणीतून ठरत नाही. त्यासाठी फिनॉलसारखा बिनरंगी रेणू घ्या, आणि जमल्यास टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मोजा. दिवा बंद करून द्रावणात १० मिनिटं हवा सोडा. निळा परतला तर तो ल्यूको (बिनरंगी) रूपात गेला होता. चांदी बसवताना वापरलेलं मिथेनॉल पावडरीत उरलं असेल तर असं होतं.

उत्तर ३
चांदीबद्दल: १ ग्रॅम पावडरीला १% साठी १५.७ मिग्रॅ सिल्व्हर नायट्रेट पुरतं. जास्त घातलं तर कण जुळून छिद्रांची तोंडं बंद होतात. सुटतेय का ते सेंट्रिफ्यूजनंतरच्या पाण्याचं एएएस (धातू मोजायची अणुशोषण चाचणी) करून कळेल. नळाचं पाणी अजिबात नको, क्लोराइड असतं.

इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या रंगाईच्या सांडपाण्यासाठी हे करत असाल तर आत्ताच एक चाचणी रिॲक्टिव्ह रंग (कापडाशी रासायनिक बंध करणारे) आणि मीठ घालून करा. ते रंग ऋण भाराचे, सिलिकाला चिकटत नाहीत, आणि रंगाईत मीठ भरपूर पडतं. मिथिलीन ब्लूवरचे आकडे तिथे लागू पडणार नाहीत.

प्रश्नकर्ती
इथेनॉल गडद निळं झालं. अंधारातच ७० मिनिटांत ८१% रंग पावडरीवर जातो. आता सुरुवातीची तीव्रता तिथून धरून फिनॉलची चाचणी लावते.