सल्ला हवा: बऱ्याच वर्षांनी रेसलिंग पुन्हा पाहायचे आहे, कोणत्या कथानकापासून सुरुवात करावी?

अर्धवट प्रेक्षक

२००५ नंतर माझे रेसलिंग पाहणे सुटले ते सुटलेच. मनापासून पाहिलेले शेवटचे कथानक बटिस्टा आणि ट्रिपल एच यांचे होते. ट्रिपल एचच्या 'इव्होल्यूशन' गटात बटिस्टा सुरुवातीला नुसता अंगरक्षक वाटायचा. त्या वर्षीचा रॉयल रंबल (अनेक जणांचा सामना, ज्याच्या विजेत्याला रेसलमेनिया या वर्षातल्या सर्वांत मोठ्या कार्यक्रमात विजेतेपदाची संधी मिळते) जिंकल्यावर तो कोणत्या विजेत्याला आव्हान देणार हे ठरवण्यासाठी करारपत्र समोर ठेवले गेले, त्याने आपल्या गुरूकडे पाहून अंगठा वर केला आणि मग तोच अंगठा सावकाश खाली वळवला. रेसलमेनिया २१ मधला त्यांचा सामना मला आज धड आठवत नाही, पण त्या अंगठ्यापर्यंत पोहोचायला लागलेले आठवडे आठवतात. त्याला सगळे कळले आहे आणि ट्रिपल एचला मात्र हे ठाऊक नाही, ही त्यातली मजा होती.

मला हवे आहे ते असेच काहीतरी, म्हणजे एखाद्या पात्राच्या मनात हळूहळू काही शिजते आहे आणि सामन्याचा निकाल त्यातूनच निघतो आहे, असे कथानक. शिडीवरून किंवा पिंजऱ्यावरून मारलेल्या उड्यांच्या याद्या नकोत. निकाल आधीच ठरलेले असतात याची मला कल्पना आहे. व्हिन्स मॅकमॅहन यांच्या कंपनीने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) १९८९ मध्येच न्यू जर्सीच्या सिनेटपुढे ते मान्य केले होते, तेव्हा धागा त्या वळणावर जाऊ नये ही विनंती.

वरची दोरी

तुमचे वर्णन वाचताच एकच नाव सुचले: 'ब्लडलाइन', म्हणजे रोमन रेन्स आणि त्याच्या नातलगांचा गट. मात्र कोठून सुरू करावे आणि कोठे थांबावे हे सांगितल्याशिवाय हा सल्ला निरुपयोगी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोमन रेन्स ऑगस्ट २०२० मध्ये परतला आणि पॉल हेमन व्यवस्थापक म्हणून त्याच्या बाजूला उभा राहिला. अनेक वर्षे कंपनीने ज्याला नायक म्हणून आमच्या गळी उतरवण्याचा प्रयत्न केला, तो पहिल्यांदाच खलनायक म्हणून शोभला. त्याचे पहिले लक्ष्य कोणी परका नव्हता, तर स्वतःचा चुलत भाऊ जे ऊसो होता. ऑक्टोबर २०२० मधला हेल इन अ सेल या पिंजऱ्यातला त्यांचा 'आय क्विट' सामना पाहा (यात एकाने 'मी हार मानतो' म्हणेपर्यंत लढत चालते). जे ऊसो स्वतःच्या वेदनेमुळे हार मानतच नाही. शेवटी जेचा जुळा भाऊ जिमी त्याला वाचवायला आत येतो, रोमन दुखावल्याचे नाटक करून जिमीचा गळा आवळतो आणि तेव्हा कोठे जे ऊसो 'आय क्विट' म्हणतो. शरीराला न शरण जाणारा माणूस भावापायी शरण गेला. पुढची तीन वर्षे त्याच्या पात्राचा सगळा गुंता या एका क्षणातून आला आहे.

दुसरा टप्पा सॅमी झेनचा. २०२२ मध्ये हा मनुष्य त्या कुटुंबाच्या अवतीभोवती लुडबुड करू लागला तेव्हा तो निव्वळ विनोदी पात्र होता. सप्टेंबरमध्ये रोमन त्याला अंगातला ब्लडलाइनचा टी-शर्ट उतरवायला लावतो, जेला आनंदाच्या उकळ्या फुटतात आणि नेमक्या त्याच वेळी सॅमीच्या हाती 'ऑनररी ऊस' (मानद भाऊ) असे छापलेला नवा टी-शर्ट पडतो. जेचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबरमध्ये सॅमी आपला जुना मित्र केव्हिन ओवेन्स याचा घात करून जेचे मन जिंकतो. मग जानेवारी २०२३ चा रॉयल रंबल येतो: दोरांना बेड्यांनी जखडलेला ओवेन्स, रोमनने सॅमीच्या हातात दिलेली खुर्ची आणि सॅमीने ती रोमनच्याच पाठीत घालणे. त्यानंतर सगळे सॅमीवर तुटून पडतात, पण जे ऊसो हात न उचलता रिंगमधून निघून जातो. तुमच्या बटिस्टाच्या अंगठ्याइतकेच ते चालत जाणे मला मोलाचे वाटते.

रेसलमेनिया ३९ च्या पहिल्या रात्री सॅमी आणि ओवेन्स यांनी ऊसो बंधूंना हरवले, तेथे थांबावे. दुसऱ्या रात्रीच्या निकालाने मी महिनाभर चिडलेलो होतो, त्याबद्दल येथे लिहीत नाही.

तीनपर्यंत मोजा

वरील सल्ल्याशी मी अर्धाच सहमत आहे. निवडलेले प्रसंग उत्तम आहेत, परंतु ते निवडून दिल्यामुळेच कथानक इतके आटोपशीर वाटते. रोमनकडे युनिव्हर्सल विजेतेपद १३१६ दिवस होते आणि त्यातील कितीतरी आठवडे तो पडद्यावर नसायचाच. मोठ्या सामन्यांचा शेवट तर इतक्या वेळा बाहेरच्या कोणाच्या हस्तक्षेपाने झाला की पंच खाली पडला की आता कोण धावत येणार याची पैज लावता यावी. कथेत पाणी घालून ती वाढवली की प्रेक्षक कंटाळतो, आणि नंतर चांगल्या प्रसंगाचेही श्रेय 'संयमा'ला दिले जाते.

संथ कथाच हवी असेल तर एईडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीतील हँगमन ॲडम पेज याची पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीच्या पहिल्याच विजेतेपदासाठी तो क्रिस जेरिकोकडून हरला आणि स्वतःच्या लायकीबद्दलची शंका त्याच्या मनात घर करून बसली. जानेवारी २०२० मध्ये केनी ओमेगाबरोबर त्याने जोडीचे विजेतेपद मिळवले, तरीही स्वतःच्या मित्रमंडळीत तो परकाच राहिला. हातात दारूचा पेला, चेहऱ्यावर उसने हसू आणि कोणी कौतुक केले की आणखी अवघडलेपण. काळजीने आतून पोखरला गेलेला नायक रेसलिंगमध्ये सहसा दिसत नाही, कारण तेथे भीती दाखवण्याचे काम खलनायकाकडे असते.

एका जोडी-सामन्यात त्याने यंग बक्स या मित्रांच्या जोडीपैकी एकाचा पाय धरल्याने ती जोडी हरली आणि त्या मंडळीतून त्याची हकालपट्टी झाली. नोव्हेंबर २०२० मध्ये ओमेगाने त्याला हरवले आणि पुढे ओमेगाच विजेता झाला. सुमारे वर्षभराने, १३ नोव्हेंबर २०२१ रोजी, फुल गिअर या कार्यक्रमात पेज ओमेगाला हरवून विजेतेपद जिंकतो तेव्हा यंग बक्स रिंगजवळच असतात आणि या वेळी ते त्याचा पाय धरत नाहीत. समालोचकाने फारसे बोट न दाखवता हा धागा जुळतो. ज्याने आधीचे पाहिले आहे त्यालाच ते कळते. त्याला आधार देणारा डार्क ऑर्डर हा गट सुरुवातीला हास्यास्पद वाटेल, तेवढे सहन करावे.

स्टील खुर्ची

दोन-तीन वर्षांची कथानके पाहण्याआधी एकच सामना पाहा: रेसलमेनिया १३, मार्च १९९७, ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन. हार्ट नायक म्हणून आत येतो आणि खलनायक होऊन बाहेर पडतो. ऑस्टिनचे नेमके उलटे होते. शार्पशूटर या हार्टच्या पाय पिळणाऱ्या पकडीत अडकलेला, रक्ताने माखलेला ऑस्टिन हार मानत नाही, शुद्ध हरपते आणि पंच केन शॅमरॉक सामना थांबवतो. हार्ट जिंकूनही त्याला मारत राहतो. दोन्ही पात्रांची बाजू एकाच सामन्यात उलटवायची आणि त्यासाठी कोणाला भाषण द्यायला लावायचे नाही, हे मी इतक्या सफाईने पुन्हा पाहिलेले नाही.

यानंतर कोणीतरी तुम्हाला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधले मॉन्ट्रियलचे प्रकरण पाहायला सांगेलच. हार्टला न सांगता निकाल बदलला गेला, ही पडद्यामागची घटना होती, कथानक नव्हे. तरीसुद्धा मिस्टर मॅकमॅहन हा दुष्ट मालक त्यातूनच पुढे आला आणि त्याच्याशी भांडूनच ऑस्टिनचे पात्र मोठे झाले, हेही मान्य करावे लागते.

अर्धवट प्रेक्षक

तिघांचेही आभार. आणखी दोन प्रश्न आहेत. मी पाहत असे तेव्हा महिलांचे सामने पाच मिनिटांत उरकले जात, ते आता खरेच बदलले आहे का? आणि जपानी रेसलिंगचे कौतुक सर्वत्र वाचतो, पण भाषा कळत नसेल तर कथा कशी कळणार?

कोपऱ्यातली

बदलले आहे, आणि त्या बदलातले सर्वांत मजेशीर कथानक लेखकांच्या हातून निसटलेले आहे. ऑगस्ट २०१८ च्या समरस्लॅममध्ये बेकी लिंचने सामना संपल्यावर आपली मैत्रीण शार्लट फ्लेअरवर हल्ला केला. प्रेक्षकांनी बेकीला धिक्कारावे अशी ती मांडणी होती, पण अख्खे सभागृह तिच्या बाजूने ओरडू लागले, कारण तिच्यावर अन्याय झाला आहे हे त्यांनी आधीच ठरवले होते. पुढचे काही आठवडे कंपनी तिला खलनायिका म्हणून उभी करू पाहत होती आणि लोक ऐकत नव्हते. नोव्हेंबरमध्ये नाया जॅक्सच्या ठोशाने तिचे नाक खरोखर मोडले, राँडा राउझीविरुद्धचा सामना हुकला, आणि प्रेक्षकांमध्ये रक्ताळलेल्या चेहऱ्याने उभी असलेली बेकी हेच तिचे कायमचे चित्र झाले. रेसलमेनिया ३५ चा अखेरचा मुख्य सामना इतिहासात पहिल्यांदा महिलांचा झाला. तो सामना मात्र कथानकाइतका चांगला नाही. शेवटच्या मोजणीत राउझीचे खांदे टेकलेले होते का यावर आजही वाद होतो. निव्वळ सामना पाहायचा असेल तर ऑगस्ट २०१५ चा, ब्रुकलिनमधला, साशा बँक्स विरुद्ध बेली पाहावा.

जपानबद्दल म्हणाल तर काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा यांचे चार सामने भाषेविना समजतात, कारण ती एका डावाची कथा आहे. ओमेगाचा 'वन विंग्ड एंजल' हा शेवटचा डाव बसला की प्रतिस्पर्धी उठत नाही, एवढे माहीत असले की पुरे. जानेवारी २०१७ मध्ये टोकियो डोममध्ये तो डाव त्याला साधतच नाही आणि तो हरतो. जूनमध्ये साधतो, पण ओकाडाचा पाय दोरापर्यंत पोहोचतो आणि ६० मिनिटांनंतर सामना बरोबरीत सुटतो. ऑगस्टमध्ये तो पुरता साधतो आणि ओमेगा जिंकतो, पण त्या सामन्यात विजेतेपद पणाला लागलेले नसते. जून २०१८ मध्ये ओसाकात, तीनपैकी दोन फेऱ्यांच्या सामन्यात, ओकाडाची विजेता म्हणून ७२० दिवसांची कारकीर्द त्याच डावाने संपते. चारही क्रमाने पाहावेत. टीकाकार डेव्ह मेल्टझर यांनी शेवटच्या सामन्याला ७ तारे दिले, त्यांची मोजपट्टी मुळात ५ ची आहे. तारे मोजण्यात वेळ घालवू नये.

तीनपर्यंत मोजा

काय टाळावे हेही सांगायला हवे. मार्च २०२५ मध्ये टोरांटोत जॉन सीना खलनायक झाला, ती चित्रफीत तुमच्या समोर येईलच. २० वर्षांहून अधिक काळ नायक राहिलेला माणूस द रॉकच्या इशाऱ्यावर कोडी रोड्सवर उलटतो, हा क्षण जबरदस्त आहे यात शंका नाही. पण पुढे काय? ज्याने हे घडवून आणले तो द रॉक रेसलमेनिया ४१ मध्ये फिरकलाच नाही, सीनाने तेथे विजेतेपद मिळवले आणि ऑगस्ट येईपर्यंत तो पुन्हा सर्वांचा लाडका झालेला होता. का उलटला आणि का परतला, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्या वागण्यातून मिळत नाहीत. हल्क होगन जुलै १९९६ मध्ये असाच उलटला होता, परंतु त्या पाठोपाठ एनडब्ल्यूओ हा अख्खा गट उभा राहिला आणि डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी कंपनीचा साप्ताहिक कार्यक्रम सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत पुढे राहिला.

वरची दोरी

सीनाबद्दल पूर्ण सहमत. रोमनच्या गैरहजेरीचा आक्षेपही मान्य. म्हणूनच मी टप्पे दिले. मात्र हस्तक्षेपाबद्दल एक दुरुस्ती सुचवतो. रोमनला स्वतःच्या बळावर जिंकता येत नाही असा त्याचा अर्थ नाही. कुटुंब त्याच्यासाठी झिजत राहते आणि तो ते गृहीत धरतो, हे दाखवण्याची ती पद्धत आहे. तिचा अतिरेक झाला, हे खरे.

अर्धवट प्रेक्षक

पंधरा दिवसांनी परत लिहीत आहे. हार्ट आणि ऑस्टिन यांचा सामना दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा फक्त प्रेक्षकांकडे लक्ष ठेवले आणि त्यांचे मन नेमके कोणत्या मिनिटाला फिरते ते शोधत बसलो. 'आय क्विट' सामन्याच्या वेळी सभागृह रिकामे होते, त्याचा तोटा होईल असे वाटले होते, उलट त्यामुळे रोमनचे भावाला हळू आवाजात दरडावणे स्पष्ट ऐकू आले. गर्दी असती तर ते संवाद बुडाले असते. ओकाडा-ओमेगाचे पहिले दोन झाले आहेत, आणि जूनच्या सामन्यात ओकाडाचा पाय दोराला लागला तेव्हा मी चक्क ओरडलो. हँगमनची कथा अजून सुरू केलेली नाही.

एक शंका आहे. रेसलमेनिया ३९ च्या पहिल्या रात्री थांबा असे सांगितले होते, पण जुलै २०२३ मध्ये लंडनला जे ऊसोने रोमनला चीत केल्याचा उल्लेख दिसला, आणि डिसेंबर २०१९ नंतर रोमन पहिल्यांदाच असा हरला म्हणे. तो सामना न पाहता राहवणार नाही. पाहू का?

वरची दोरी

जरूर पाहा, माझ्या सल्ल्यातली ती चूकच होती. मात्र पंचाने तीन मोजले की लगेच बंद करा. ऑगस्टमधल्या समरस्लॅममध्ये जिमी जे काही करतो ते पाहिलेत, तर पुढचे वर्षभर तुम्ही सुटत नाही.