घोट्याचं माप दर वेळी वेगळं येतंय, खरं कुठलं धरू?

घोटा फ्रॅक्चर होता, सहा आठवडे प्लास्टर, ते निघून दीड महिना झाला. फिजिओकडे सोमवारी पाऊल वर ओढायचं माप 8 अंश आलं, गुरुवारी दुसऱ्या मॅडम होत्या तर 14, आणि काल परत 9. म्हणजे मी उलटी चाललेय का? उकिडवं बसायला गेलं की टाच उचलली जाते, जिना अजून आडवं पाऊल टाकून उतरते. घरी मोजायचं काही आहे का?

फिजिओ_पुणेकर: मॅडम बदलल्या तिथंच अर्धं उत्तर आलं ताई. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) धरणारा हात बदलला, पाऊल कमीजास्त जोरात ढकललं की आकडा हलतो. त्यात गुडघा सरळ होता की वाकलेला? पोटरीचा वरचा स्नायू गुडघ्याच्याही वर चिकटलेला असतो, त्यामुळे गुडघा वाकवला की तो सैल पडतो आणि माप आपोआप वाढतं.
डॉक्टरांनी पूर्ण वजन टाकायला सांगितलं असेल तरच भिंतीची टेस्ट करा. अनवाणी, भिंतीपासून फरशीवर टेप लावा, अंगठा टेपवर ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा, टाच न उचलता. जमलं तर पाऊल थोडं मागे. शेवटचं जमलेलं अंतर म्हणजे तुमचं माप, 1 सेंमी म्हणजे ढोबळ साडेतीन अंश. तीनदा करून सरासरी घ्या, दोन्ही पायांची.

सह्याद्री_भटक्या: टाच फसवते हां! मला वाटायचं टेकलीये, बायकोने टाचेखाली कागद सरकवून ओढला तर सुळकन बाहेर. आणि गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा, आत पडला की पाऊल कलंडतं आणि फुकटचे सेंमी मिळतात. मी असेच दोन आठवडे खूश होतो 😅

(प्रश्नकर्ती): केलं. चांगला पाय 11, दुखरा साडेचार. सकाळी चार होता, व्यायामानंतर साडेपाच!

फिजिओ_पुणेकर: व्यायामाने वाढणारच, म्हणून वेळ एकच ठेवा, व्यायामाआधीची. रोज नको, आठवड्यातून एकदा पुरे. अर्धा-एक सेंमी इकडेतिकडे झालं तर ते मोजण्यातलंच समजा, दोनच्या पुढे गेलं की खरी प्रगती. एक सांगा, टोकाला गेल्यावर ताण पोटरीत येतो की घोट्याच्या पुढे टोचतं? पुढे टोचत असेल तर जोर लावू नका, आधी तुमच्या फिजिओला दाखवा.

(प्रश्नकर्ती): पोटरीतच. टेप फरशीवर तशीच ठेवलीये, सासूबाई विचारतायत ही रांगोळी कसली.