पुटनमचे प्रश्न बीएस्सीच्या पेपरात आणावेत का?

मास्तर_एसवाय (धागाकर्ता)
गणित घेऊन बीएस्सी करणाऱ्या आपल्या पोरांना सिद्धता येते, पण अपेक्षित प्रश्नसंचात असते तेवढीच. जरा अनोळखी प्रश्न दिसला की "सर, हे सिलॅबसबाहेरचं".

अमेरिका-कॅनडात पदवीच्या मुलांसाठी 1938 पासून पुटनम ही गणिताची स्पर्धा चालते. डिसेंबरातला शनिवार, सकाळी तीन तास, दुपारी तीन तास, प्रत्येकी 10 गुणांचे 12 प्रश्न. 2013 चा पहिलाच प्रश्न बघा. विंशतिफलकाच्या 20 त्रिकोणी पृष्ठांवर शून्य किंवा धन पूर्णांक लिहिलेत, बेरीज 39. एका शिरोबिंदूत मिळणाऱ्या कुठल्या तरी दोन पृष्ठांवर एकच संख्या असणार, हे दाखवा.

शिरोबिंदू 12, प्रत्येकाभोवती पाच पृष्ठे. पाचही संख्या वेगळ्या असतील तर बेरीज किमान 0+1+2+3+4, म्हणजे 10. बारांची मिळून किमान 120. पण प्रत्येक पृष्ठ तीन शिरोबिंदूंवर मोजलं जातं, म्हणून तीच बेरीज 39 गुणिले 3, म्हणजे 117. संपलं. कॅल्क्युलस नाही, सूत्र नाही.

माझं म्हणणं: आठवड्याला असा एक प्रश्न वर्गात, आणि दर पेपरात एक, 10 मार्कांचा.

शून्याधारी
साफ असहमत. मास्तर, तुम्ही ए-1, म्हणजे सकाळचा पहिला प्रश्न दाखवलात, तो बहुधा सर्वांत सोपा असतो. बी-6, म्हणजे दुपारचा शेवटचा, दाखवा की! 120 पैकी मध्यक (क्रमाने लावल्यावर बरोबर मधल्या मुलाचे गुण) कित्येक वर्षी 0 किंवा 1 आलाय, आणि तिथली मुलं हौसेने बसलेली असतात. आपल्याकडे दोन विषयांची एटीकेटी डोक्यावर असलेल्या पोराचे 10 मार्क हकनाक जातील. आणि बघाच, दोन वर्षांत अप्पा बळवंत चौकात "पुटनम अपेक्षित" विकायला येईल.

घनमूळ
मध्यक 0 म्हणजे पोरांना ओ की ठो आलं नाही असं नव्हे हो. तिथली तपासणी वेगळी असते. उत्तर जवळजवळ पूर्ण असेल तर 8, 9, 10; नाहीतर 0, 1, 2. मधले गुण सहसा मिळतच नाहीत. आपल्याकडे "पायऱ्यांचे मार्क" म्हणून अर्धवट सिद्धतेला 6 देतात, तिथे त्याच सिद्धतेला 1. मला तर हेच हवंय! सिद्धता एकतर असते, नाहीतर नसते.

शून्याधारी
छान. म्हणजे नापासांचा आकडा फुगवायचा नवा मार्ग.

उशिरा_सुचलेलं
दोघांचंही एक निसटतंय: घड्याळ. सरासरी अर्ध्या तासात एक प्रश्न, ही गणिताची चाल नाही. साडेतीनशे वर्षं न सुटलेल्या फर्माच्या शेवटच्या प्रमेयासाठी गणिती अँड्र्यू वाइल्स सात वर्षं जवळजवळ कुणाला न सांगता बसले होते. पुढे नोबेल मिळवलेल्यांपैकी भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन 1939 च्या पुटनममध्ये पहिल्या पाचांत होते, गणिती जॉन नॅश यांना पाचांत जागा मिळाली नाही. यावरून दोघांबद्दल काय कळतं? काही नाही. प्रश्न ठेवा, पण पेपरात कोंबू नका. फळ्यावर लिहून आठवडाभर राहू द्या.

मास्तर_एसवाय
मार्क नसले की फळ्याकडे कोण बघतं? तुम्ही शिकवत नसावात असं वाटतं. (राग नसावा.)

गोदाकाठ
अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? पुण्याच्या एस. पी. कॉलेजचा गणित विभाग आणि मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मिळून माधव गणित स्पर्धा घेतात, मुख्यतः एसवायच्या मुलांसाठी. नाव केरळातले जुने गणिती संगमग्रामचे माधव यांचं, पायची श्रेणी देणाऱ्या. पेपर आपल्या अभ्यासक्रमाच्या अंगाने जातो, पण घोकून सुटत नाही. नोटीस बोर्डावर तिची सूचना किती कॉलेजं लावतात, ते आधी विचारा. पेपर बदलण्याच्या गप्पा नंतर.

एफवाय_ची_मुलगी
मधेच विचारते, सॉरी. मास्तर, 39च का? 40 असते तर?

शून्याधारी
हा खरा प्रश्न! 40 ला तिप्पट केली की बरोबर 120, मग विरोधाभास उरत नाही. आणि तशी मांडणी खरंच करता येते. विंशतिफलकाच्या पृष्ठांचे मध्यबिंदू जोडले की पंचकोनी पृष्ठांचं द्वादशफलक मिळतं; त्याचा प्रत्येक शिरोबिंदू म्हणजे आपलं एक पृष्ठ, आणि प्रत्येक पंचकोन म्हणजे एका शिरोबिंदूभोवतीची पाच पृष्ठं. त्याचे 20 शिरोबिंदू चार-चारांच्या पाच गटांत असे वाटता येतात की प्रत्येक गट एक सुसम चतुष्फलक (चार समान त्रिकोणी पृष्ठांची आकृती) होतो आणि प्रत्येक पंचकोनात पाचही गटांचा एकेक बिंदू पडतो. गटांना 0 ते 4 आकडे द्या. बेरीज 4 गुणिले 10, म्हणजे 40. कागदाचं मॉडेल करून बघ, रंगीत पेनं घे.

आणि मास्तर, मत बदललेलं नाही. पेपरात नकोच.